गाडीखालचं काम आणि चाळिशीनंतरचा चष्मा

प्रश्न : वय 54. जुनी प्रीमियर पद्मिनी मी घरीच दुरुस्त करतो. बायफोकल चष्मा असूनही गाडीखाली झोपून काम करताना नटबोल्ट अंधूक दिसतात आणि मान दुखते. काय करावं?

उत्तर : चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं, त्यामुळे जवळचं स्पष्ट दिसत नाही. बायफोकलमध्ये जवळचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो. गाडीखालून वर पाहताना नजर नेमकी वरच्या, लांबच्या भागातून जाते; म्हणून मान ताणावी लागते.

कामासाठी एकाच नंबरचा वेगळा चष्मा करून घ्या. आधी डोळ्यांपासून कामापर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि तपासणीच्या वेळी सांगा. वाचनाचं अंतर साधारण 40 सेंमी असतं. बॉनेटखाली ते बहुधा 50-60 सेंमी भरतं, तेव्हा नंबर थोडा कमी लागतो. लेन्स पॉलिकार्बोनेटची घ्या आणि वरून गंज पडतो म्हणून बाजूंनी बंद असलेला सुरक्षा-गॉगलही लावा. उजेड भरपूर ठेवा.

डोळ्यात लोखंडाचा कण गेला तर चोळू नका, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा. वय चाळिशीपुढचं आहे, म्हणून काचबिंदूची तपासणीही नियमित करून घ्या.