शिळ्या कोंबडीचा खवट दर्प

प्रश्न : नाते येथून रोज महाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातो. रविवारी शिजवलेली कोंबडी डब्यासाठी ठेवतो; परंतु बुधवारी गरम करताच खवट वास येतो. उपाय सांगावा.
– एक वाचक, नाते

उत्तर : आपली कैफियत रास्त आहे, परंतु मांस नासलेले नसतानाही हा दर्प येतो, हे प्रथम ध्यानी घ्यावे. शिजताना स्नायूंतील लोह मोकळे होते, आणि हवेच्या सान्निध्यात ते असंतृप्त चरबीचे विघटन इतक्या त्वरेने घडविते की, शीतकपाटातही दोन दिवसांत मांसाला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास चढतो. १९५८ साली टिम्स आणि वॉट्स या संशोधकांनी या दोषाचे विवेचन केले होते.

तेव्हा मुख्य बंदोबस्त हवेचा. सुके मांस साठवू नये. कांदा, लसूण, हळद यांच्या दाट रश्शात ते बुडालेले असावे, कारण हे जिन्नस विघटन मंदावितात, आणि आपल्याकडे घरोघरी असलेले आमसूलही त्याच कामी येते. ओल्या नारळाचे वाटण मात्र खाण्याच्या दिवशीच लावावे. शिजल्यावर दोन तासांच्या आत, एकेका दिवसाचा वाटा उथळ डब्यांत काठोकाठ भरून शीतकपाटात ठेवावा. बुधवारनंतरचे वाटे बर्फाच्या कप्प्यात. गरम करताना कोरडे परतू नये. थोडे पाणी घालून, झाकण ठेवून, खळखळून उकळी आणावी, आणि तीही एकदाच.

पावसाळ्यात वीज चार तासांहून अधिक काळ गेली असेल, किंवा मांस बोटाला बुळबुळीत लागले, तर मसाल्याने वास झाकू नये. ते टाकून द्यावे.