पलतड : पूर्णगडच्या खाडीवरील एक स्मृतिशब्द

मुचकुंदी नदीच्या मुखाशी वसलेल्या पूर्णगडास खाडीपलीकडील गावखडीशी आज पूल जोडतो. पुलापूर्वी तरीवाचून गत्यंतर नव्हते. त्या काळातील बालपण सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात ‘पलतड’ हा शब्द केवळ दुसऱ्या काठाचा वाचक नसतो. भरतीची वाट पाहणे, तरीवाल्यास हाक घालणे, हे सारे त्यात अनुस्यूत असते. आजची मुले गावखडीला जातात, पलतडीला नव्हे.

कोकणविषयक स्मृतिलेखनात ‘बदल’ शोधताना आपली समीक्षा बहुधा पडक्या वाड्यांपाशी थांबते. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) मधील जगबुडीकाठचे गावही आपण वाड्याच्या अंगानेच वाचतो. पूर्णगडचे उदाहरण निराळे आहे. किल्ला, त्याचा दर्यादरवाजा, खाडी ही जागच्या जागी आहेत. पालटली ती गावात येण्याची दिशा. तरीचा उतार हा गावाचा दर्शनी भाग होता, तो परसदार झाला. म्हणूनच काहीही न ढासळता परतणाऱ्यास गाव परके वाटते.

मध्यंतरी पुलावर थांबून एका विद्यार्थ्यास मी पलतड दाखवू गेलो. ‘कोणती, सर?’ त्याने विचारले. पुलाच्या मध्यावर उभे राहून ते मलाही सांगता येईना.