मागचे शॉकअप आणि आमची वजनं

माझं वजन ५८ किलो, नवऱ्याचं ८४. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं या दोन आकड्यांभोवती फिरतं. एरवी नवऱ्याचं वजन मी चारचौघांत काढत नाही.

गाडी साडेतीनशे सीसीची, मागे दोन शॉकअपवाली. रोज सातारा ते मेढा, शाळेसाठी. वर्षातून काही वेळा डबलसीट चिपळूणला, माहेरी. उंब्रज, पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट, असा सव्वाशेक किलोमीटरचा रस्ता. तिसऱ्या वर्षी कंबर कुरकुरायला लागली. एकटी असले की गाडी दगडासारखी, डांबराचं प्रत्येक ठिगळ मणक्याला कळायचं. आणि हे मागे बसले की तीच गाडी खड्ड्यात ‘ठक्’ करून तळाला टेकायची. एकच शॉकअप एकाच वेळी कडकही आणि मऊही कसा, हे काही केल्या कळेना. ओळखीतल्या चार जणांनी सांगितलं, कंपनीचे काढून भारी टाका. ₹२२,००० ची एक जोडी हेरूनही ठेवली होती. ती घेण्या-न घेण्यात सहा महिने गेले, त्यातून हाती लागलं ते असं:

१. आधी हवा बघा

हे लिहायला लाज वाटते, पण पहिला गुन्हेगार टायरच निघाला. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात मागच्या चाकाला एकट्याला ३२ आणि डबलसीटला ३६ दिलंय. पंपावरच्या पोराला मी नुसतं ‘हवा भर’ म्हणायचे आणि तो आपल्या मनाने ४० भरायचा. घरी गेज आणला, सकाळी गाडी काढण्याआधी, टायर थंड असताना, हवा मोजली. ती ३२ वर आणल्यावर पहिल्याच दिवशी मेढ्याच्या वाटेवरचा कण्हेरपर्यंतचा रस्ता निम्मा सुधारल्यासारखा वाटला.

२. शॉकअपवरच्या पाच खाचांच्या रिंगला तीन वर्षांत कुणी हात लावलाय का?

माझ्या गाडीला कुणीच लावला नव्हता. गाडी ताब्यात आली तेव्हा दोन्ही रिंगा चौथ्या खाचेवर होत्या आणि तिथेच गंजत होत्या. आमचा मेस्त्री माझा जुना विद्यार्थी. तो उकिडवा बसून खाली वाकला आणि म्हणाला, “बाई, एकट्याच चालवता ना? मग हे चारवर कुणी ठेवलं?” वर्गात गृहपाठ न केलेल्या पोराकडे मी बघायचे, तसा माझ्याकडे बघत होता.

त्याला प्रीलोड म्हणतात. सी-पान्याने रिंग फिरवली की स्प्रिंग आधीच थोडी दाबून बसते. सगळे म्हणतात ‘शॉकअप कडक केला’, मीही तेच म्हणायचे. पण स्प्रिंगचा स्वभाव काही बदलत नाही. एक मिलिमीटर दबायला तिला जेवढा जोर लागायचा, तेवढाच लागतो. बदलतं ते इतकंच, की वजन पडल्यावर गाडी किती खाली बसणार. रिंग चारवर आणि वर ५८ किलोची बाई, तर गाडी जेमतेम बसते. शॉकअप जवळजवळ पूर्ण ताठ. मग खड्डा आला की चाकाला खाली उतरायला जागाच उरत नाही. ते खड्ड्यावरून अधांतरी जातं आणि पलीकडच्या काठावर आदळतं. माझ्या कंबरेपर्यंत यायचा तो धक्का हाच.

३. अंदाज नको, टेप घ्या

रविवारी सकाळी मेस्त्रीला घरी बोलावलं. शेजारचा मुलगा हँडल धरायला. गाडी मधल्या स्टँडवर घेतली, मागचं चाक अधांतरी. एक्सलच्या नटापासून सरळ वर, बाजूच्या पॅनेलवर औषधाची पट्टी चिकटवली आणि तिच्यावर पेनाने रेघ मारली. नटापासून रेघेपर्यंत ५६२ मिलिमीटर. मग गाडी स्टँडवरून उतरवली, कुणी बसलेलं नाही: ५५६. मग मी जॅकेट, हेल्मेट, वह्यांची पिशवी, सगळ्या सरंजामानिशी बसले: ५४४. दर वेळी आधी सीट दाबून हळू सोडायची, कारण शॉकअपमधलं घर्षण फसवतं. पहिल्या मापात मेस्त्रीने दोन मिलिमीटर खाल्ले, तेव्हा ‘डोळा पट्टीच्या समोर ठेव रे’ असं पाचवीच्या वर्गातलं वाक्य माझ्या तोंडून गेलंच.

म्हणजे मी बसल्यावर गाडी १८ मिलिमीटर बसत होती. मागच्या चाकाची एकूण चाल १०० मिलिमीटर. ढोबळ नियम असा, की चालवणारा बसल्यावर या चालीचा पाव ते एक तृतीयांश भाग वापरला जावा, म्हणजे माझ्या गाडीत २५ ते ३३. रिंग एकवर आणली आणि आकडा झाला २६. छान.

आता हे मागे बसले. रिंग एकवर असताना ५०. निम्मी चाल खड्डा यायच्या आधीच संपलेली! पाचवर नेली तरी ४०. मी अंगणात गाडीवर बसूनच कागदावरचे आकडे दोनदा वाचले. स्प्रिंग माझ्यापुरती बरोबर होती, आमच्यापुरती नव्हती. तीन वर्षं मी ज्याला शॉकअपचा दोष म्हणत होते, ते गाडीवर कोण बसतंय याचं साधं गणित निघालं. ह्यांनी टेपकडे बघत एवढंच विचारलं, “मग कोणी बदलायचं, शॉकअपने की मी?”

४. दुसऱ्याची गाडी चालवून बघाल, तर आधी त्याचं वजन विचारा

आमच्या एका स्नेह्यांकडे हीच गाडी आहे. मागे महागडे शॉकअप, वर गॅसची नळकांडी, तेलाची गती कमी-जास्त करायला बटणं. ‘एकदा चालवा, मग बोला’ म्हणाले. मी चालवली आणि माझी अवस्था आधीपेक्षा वाईट झाली. एक एक धक्का सुटा बरा, पण लागोपाठ चार ठिगळं आली की चौथ्याला गाडी लाकडासारखी. परत आल्यावर विचारलं, तर त्यांचं वजन ९६ आणि स्प्रिंग त्या मापाची मागवलेली. शिवाय त्यांनी परतीची गती इतकी आवळून ठेवली होती, की दबलेला शॉकअप पूर्ण वर यायच्या आतच पुढचा खड्डा हजर. दर खड्ड्यागणिक तो आणखी खाली साचत जायचा.

तो शॉकअप वाईट नव्हता. त्यांच्या अंगावर नीट बसणारा कोट मी घालून बघत होते, इतकंच. त्या अर्ध्या तासाने माझे ₹२२,००० वाचवले असं मी म्हणते. हे म्हणतात वाचवले नाहीत, लांबवले.

५. स्प्रिंगचं काम वेगळं, तेलाचं वेगळं

स्प्रिंग धक्का झेलते, पण झेललेलं सगळं परतही देते. एकटी स्प्रिंग असती तर गाडी चेंडूसारखी नाचत राहिली असती. तो नाच थांबवतं आतलं तेल. बारीक भोकांतून ते जबरदस्तीने ढकललं जातं आणि उसळीची उष्णता होऊन जाते. खराब रस्त्यावर तासभर पळवली की साध्या शॉकअपमधल्या तेलाला फेस यायला लागतो आणि त्याची पकड सुटते. भारी शॉकअपमध्ये नायट्रोजनचा दाब देतात, तो फेस येऊ नये म्हणून.

३८,००० किलोमीटरला माझ्या डाव्या शॉकअपवर तेलाची ओल दिसली. तिला धूळ चिकटून काळा चिकट लेप झालेला, बोटाने पुसला तर नख काळं. मेस्त्रीने सीट दोन्ही हातांनी दाबून सोडली. पूर्वी गाडी एकदा वर येऊन थांबायची, आता वर आली, पुन्हा बसली, पुन्हा वर आली. आता प्रश्न हौसेचा राहिला नव्हता, काहीतरी बदलणं भागच होतं. कंपनीचा शॉकअप उघडून सील बदलून देणारे भेटतात, पण जो उघडण्यासाठी बनवलेलाच नाही त्याच्यावर मी तरी घाटात भरवसा ठेवणार नाही. महाग शॉकअपचा खरा फायदा मला इथे दिसतो: तो उघडता येतो, सील आणि तेल बदलता येतं, स्प्रिंगही वेगळ्या मापाची टाकता येते. आणि एकच गळत असला तरी बदलायची जोडीच. डावा नवा, उजवा थकलेला, अशी गाडी वळणावर नीट वागत नाही.

६. सीट आणि बुश

सीटवर बसून अंगठा खाली रोवला तर खालचा पत्रा लागत होता, फोम इतका मेलेला. सीटवाल्याने ₹१,६०० मध्ये नवा भरून दिला. मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याचे बुशही खाल्लेले निघाले. चाक धरून आडवं हलवल्यावर बारीक ‘टक टक’ यायची, ती मी कित्येक महिने शॉकअपच्या नावावर खपवत होते.

७. दुकानदाराने पहिला प्रश्न कोणता विचारला?

मी पुण्यात नाना पेठेत तीन दुकानं फिरले. पहिल्याने विचारलं, “कोणता रंग देऊ?” दुसऱ्याने गाडीचं मॉडेल विचारलं आणि सोनेरी नळकांडं असलेली स्वस्त जोडी काउंटरवर ठेवली. मी विचारलं, यात गॅस किती दाबाचा? तो प्रामाणिक होता. म्हणाला, “आत काही नाही मॅडम, शो आहे.” तिसऱ्याने मात्र आधी विचारलं, “वजन किती? एकट्या जाता की डबलसीट? सामान?” भारी शॉकअप घ्यायचेच झाले तर मी त्याच्याकडेच जाईन.

लांबीचंही त्यानेच सांगितलं. मूळ मापापेक्षा दहा-पंधरा मिलिमीटर लांब शॉकअप सहज बसतो आणि गाडी ऐटदार दिसते. पण मागचा भाग उचलला की पुढचा फोर्क उभा होतो, हँडल हलकं आणि चंचल लागतं, साइड स्टँडवर गाडी नको तितकी कलते, चेनचा ढिलेपणा बदलतो. दोन्ही डोळ्यांमधलं, म्हणजे वरच्या आणि खालच्या बोल्टांच्या केंद्रांमधलं, अंतर मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.

८. वर्षभराची वही

शेवटी निर्णय वहीने केला. पेट्रोलचा हिशेब मी लिहून ठेवतेच, त्यात डबलसीटचे दिवस मोजले. वर्षात नऊ. बाकी सगळे एकटीचे, आणि एकटीला आता गाडी उत्तम होती. नऊ दिवसांसाठी जड स्प्रिंग घालायची, तर उरलेलं वर्षभर पुन्हा तोच दगड. उलट आकडा निघाला असता, दर आठवड्याला आम्ही दोघं आणि वर सामान असतं, तर मी ती ₹२२,००० ची जोडी दुसऱ्या दिवशी घेतली असती, आमच्या दोघांच्या वजनाची स्प्रिंग सांगून. माझ्या मेव्हण्याने तसंच केलं आणि तो योग्यच आहे. तो आणि बहीण महिन्यातून दोनदा गाडीवर बाहेर पडतात.

मी मूळचीच नवी जोडी बसवली, ₹५,४०० मध्ये. सी-पाना जुन्या मोज्यात गुंडाळून सीटखाली असतो. चिपळूणला निघायच्या आदल्या संध्याकाळी हे स्वतः अंगणात बसून दोन्ही रिंगा पाचवर नेतात, मागच्या टायरमध्ये ३६ भरतात. परत आल्यावर एकवर आणायचं काम माझं. एकदा विसरले आणि सोमवारी मेढ्यापर्यंत स्वतःलाच बोल लावत गेले.

पाचवरसुद्धा गाडी आमच्या दोघांच्या वजनाने ४० बसते, ते काही बदललेलं नाही. कोयनानगर मागे टाकलं की हेळवाकजवळ एक जागा आहे, तिथे डांबर दर पावसाळ्यात उखडतं. ती दिसली की मी गाडी दुसऱ्यावर घेते आणि म्हणते, “अहो, उठा.” हे फूटरेस्टवर पाय रोवून, माझे खांदे धरून, सीटवरून वीतभर वर होतात. खड्डा गेला की, “बसू?”

“बसा.”