खंडव्याला गाडी बदलताना

इंदुराहून महाराष्ट्रात जाणाऱ्या प्रवाशाला विंध्याची कड उतरावी लागते, नर्मदा ओलांडावी लागते, सातपुडा पार करावा लागतो आणि या वाटेत कोठेतरी राज्याची सीमाही लागते. त्यामुळे नकाशावर शेजारी दिसणारे माळवा आणि खानदेश वेळापत्रकात मात्र एकमेकांपासून बरेच दूर पडतात. पुढील संवाद इंदुराहून जळगावला लग्नासाठी जाण्याची आखणी करणारी भाची आणि रेल्वेच्या वेळापत्रकांचा दीर्घ व्यासंग असलेले तिचे मामा यांच्यातील आहे.

भाची : मामा, इंदूर ते मुंबई हे अंतर रस्त्याने सहाशे किलोमीटरच्या आत भरते, मग अवंतिका एक्सप्रेस उज्जैन, रतलाम, वडोदरा, सुरत असा गुजरातमधून एवढा वळसा का घालते?

मामा : कारण इंदुराहून सरळ दक्षिणेकडे उतरणारी अखंड ब्रॉडगेज वाट अजून तयार व्हायची आहे. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी 1870 मध्ये इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज, साडेचार टक्के व्याजाने आणि 101 वर्षांच्या मुदतीने देऊन खंडवा–इंदूर मार्गाची सोय केली खरी, पण तो मार्ग मीटरगेज, म्हणजे दोन रुळांमध्ये एक मीटर अंतर ठेवून बांधला गेला आणि खंडव्यावरून जाणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे मात्र 1.676 मीटरच्या ब्रॉडगेजवर धावत होती. डबे एका मार्गावरून दुसऱ्यावर जाऊच शकत नव्हते, तेव्हा खंडव्याला उतरून गाडी बदलणे हे या मार्गाच्या जन्मापासून त्याच्या कपाळी लिहिलेले आहे.

भाची : पण जयपूरहून काचीगुड्याला जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस इंदुरावरूनच जात असे ना?

मामा : जात असे, कारण पुढे मीटरगेज खंडव्याच्या पलीकडे अकोला, हिंगोली, पूर्णा असा जोडला गेला आणि राजस्थानातून निघालेली गाडी माळवा, निमाड, वऱ्हाड व मराठवाडा ओलांडून थेट दक्षिणेत पोचू लागली. गेजपरिवर्तन, म्हणजे मीटरगेजच्या जागी ब्रॉडगेज घालणे, तुकड्यातुकड्यांनी हाती घेतले गेले तेव्हा ही साखळी तुटली. महू ते सनावद हा टप्पा 2023 मध्ये बंद झाला आणि घाटातील नव्या, कमी चढाच्या मार्गाचे काम चालू झाले. जुन्या मार्गापैकी पातालपानी ते कालाकुंड एवढा घाट मात्र 2018 पासून तेथे धावणाऱ्या हेरिटेज गाडीसाठी राखून ठेवला आहे. ती सहल म्हणून फार सुंदर आहे, पण तिच्या भरवशावर जळगावचे लग्न गाठता येणार नाही.

भाची : स्वित्झर्लंडमधील बर्निना मार्गही मीटरगेजच आहे, शिवाय तो आल्प्स ओलांडून इटलीत उतरतो, तिथे हे सारे एवढे सुरळीत कसे चालते?

मामा : पातालपानीच्या घाटात चढ चाळीसास एक, म्हणजे किलोमीटरमागे पंचवीस मीटर आहे, तर 1910 मध्ये पूर्ण झालेल्या बर्निना मार्गावर तो दात्यांच्या रुळाची मदत न घेता किलोमीटरमागे सत्तर मीटरपर्यंत जातो, तेव्हा डोंगराची अडचण तिकडे अधिकच आहे. प्रवाशाची सोय होते ती वेळापत्रकाच्या रचनेमुळे. स्वित्झर्लंडने 1982 मध्ये देशभर ठरावीक अंतराने गाड्या सोडण्याची पद्धत स्वीकारली, म्हणजे एखादी गाडी सात वाजून दोन मिनिटांनी सुटत असेल तर ती आठ वाजून दोन मिनिटांनी आणि नऊ वाजून दोन मिनिटांनीही सुटते. त्यावर मोठ्या स्थानकांत सर्व दिशांच्या गाड्या तास भरण्याच्या थोड्या आधी येतील आणि तास उलटल्यावर लगेच सुटतील अशी गुंफण केली, ज्यामुळे मधल्या काही मिनिटांत कोणत्याही गाडीतून कोणत्याही गाडीत जाता येते. त्यासाठी दोन मोठ्या स्थानकांमधील धाव तासापेक्षा जराशी कमी हवी, म्हणून कोठे नवा रूळ घालायचा हे आधी वेळापत्रक ठरवून मग निश्चित केले गेले आणि 2004 च्या डिसेंबरमध्ये झुरिक–बर्न हे अंतर तासाच्या आत आले. आपल्याकडे आधी रूळ, मग गाडी आणि शेवटी वेळ असा उलटा क्रम चालतो.

भाची : सीमेवर तरी त्यांना अडचण येत असेल.

मामा : येते, पण ती आधीच ओळखून बांधून काढलेली असते. बर्निनाची गाडी इटलीतील तिरानो येथे थांबते. तेथे स्विस रेल्वेचे व इटालियन रेल्वेचे स्थानक शेजारीशेजारी आहे, आणि हंगामात तिरानोहून लुगानोला जाणारी बस त्याच रेल्वे कंपनीच्या वेळापत्रकाचा भाग असल्यामुळे ती इटलीतून कोमो सरोवराच्या काठाने पुन्हा स्वित्झर्लंडमध्ये शिरते तरी प्रवाशाला दोन कारभारांमधील फट जाणवत नाही. आपल्याकडे नेमके उलट घडते: रेल्वेला बुऱ्हाणपूर आणि रावेर यांच्यामधील राज्यसीमा दिसतही नाही, बसला मात्र ती पक्की दिसते.

भाची : बसला ती कशी दिसते?

मामा : परवान्यामुळे. मोटार वाहन कायदा, 1988 अन्वये एका राज्याने दिलेला परवाना दुसऱ्या राज्यात, तेथील प्राधिकरणाची प्रतिस्वाक्षरी असल्याखेरीज, सामान्यतः चालत नाही आणि कोणत्या मार्गावर किती गाड्यांना ही मुभा मिळावी हे राज्ये आपसांतील कराराने ठरवतात. त्यातही परवान्याचे दोन प्रकार आहेत. टप्पा वाहतुकीचा परवाना असलेली गाडी वाटेतील थांब्यांवर प्रवासी घेऊ व उतरवू शकते, तर कंत्राटी वाहतुकीच्या गाडीने आधी ठरलेले प्रवासी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी न्यावेत, वाटेत सुटे प्रवासी घेऊ नयेत, अशी कायद्याची अपेक्षा असते. खानदेशातील आगारांच्या एसटी गाड्या पहिल्या वर्गात मोडतात, तर रात्री इंदुराहून पुण्या-मुंबईला सुटणाऱ्या स्लीपर गाड्या बहुधा दुसऱ्या वर्गात. म्हणून शिरपूर किंवा सेंधव्यासारख्या मधल्या गावी उतरणाऱ्याने तिकीट काढण्यापूर्वी गाडीची जात विचारून घेणे बरे. मध्य प्रदेशाने आपले राज्य परिवहन महामंडळ 2005 मध्येच गुंडाळायला घेतल्यामुळे या बाजूने एसटीला समांतर अशी सरकारी गाडी राहिली नाही, आणि इंदूरच्या ज्या सरवटे बसस्थानकाला संविधान सभेचे सदस्य विनायक सीताराम सरवटे यांचे नाव आहे, तेथे प्रवाशाला परराज्याची एसटी आणि खाजगी बस यांतूनच निवड करावी लागते.

भाची : मग जळगावसाठी काय ठरवावे?

मामा : इंदुराहून सिमरोल, बडवाह, मोरटक्का, सनावद या वाटेने खंडव्यापर्यंत बस आणि तेथून बुऱ्हाणपूर, भुसावळमार्गे जळगावला रेल्वे, असा मार्ग धरावा. आखणी मात्र शेवटाकडून सुरू करावी: आधी खंडव्याहून सुटणारी गाडी निवडावी, तिचे आरक्षण करावे, मग तिच्या मागची आणखी एक गाडी हाताशी आहे की नाही ते पाहावे आणि त्यानंतर बसची वेळ ठरवावी. बस सुमारे 130 किलोमीटरची आहे, पण भेरूघाटात एक ट्रक आडवा पडला तरी रस्ता अडतो, पावसाळ्यात नर्मदेला पूर आला की मोरटक्क्याच्या जुन्या पुलावरची वाहतूक थांबवावी लागते आणि श्रावणात ओंकारेश्वराची गर्दी त्याच वाटेवर येते. म्हणून कोरड्या दिवसांत दोन तासांची आणि श्रावणात त्याच्या दुपटीची मोकळीक ठेवली तरी ती फार म्हणता येणार नाही.

भाची : आणि एवढे करूनही गाडी चुकली तर?

मामा : दोन्ही टप्पे रेल्वेचे असतील तर थोडे संरक्षण आहे. एप्रिल 2019 पासून दोन पीएनआर, म्हणजे आरक्षणाचे क्रमांक, एकमेकांशी जोडता येतात. पहिल्या गाडीला उशीर झाल्यामुळे दुसरी चुकली तर न केलेल्या प्रवासाचे पैसे परत मिळतात. मात्र दोन्ही तिकिटांवर प्रवाशांचा तपशील एकच असावा लागतो आणि परताव्याचा अर्ज ठरलेल्या मुदतीत करावा लागतो. बसला उशीर होऊन गाडी चुकली तर रेल्वे जबाबदार नसते, हा दोन कारभारांच्या सांध्यावरचा खरा धोका आहे.

भाची : इंदूर–मनमाड मार्ग झाला की ही कसरत संपेल?

मामा : 309 किलोमीटरच्या त्या मार्गाला 2024 च्या सप्टेंबरमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली असून अपेक्षित खर्च 18,036 कोटी रुपये आहे. तो सेंधवा, शिरपूर, धुळे, मालेगाव असा मुंबई–आग्रा रस्त्याच्या बाजूने उतरणार असल्याने मुंबईचा वळसा टळेल आणि धुळेकरांची सोय होईल; जळगावकरांना मात्र तेव्हाही कोठेतरी गाडी बदलावी लागेलच, आणि ती खंडव्याला बदलायची की सुरत–भुसावळ मार्ग जिथे भेटेल तिथे, हे त्या वेळच्या वेळापत्रकावर अवलंबून राहील.

भाची : परतीचाही विचार आताच करून ठेवावा का?

मामा : जाण्याइतकाच, किंबहुना थोडा अधिक. रेल्वेचे आगाऊ आरक्षण आता प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडते, तेव्हा परतीची गाडी त्याच सुमारास घ्यावी, आणि ती खंडव्याला दुपारनंतर फार उशिरा पोचणारी नसावी, कारण संध्याकाळनंतर इंदूरकडच्या बसगाड्या विरळ होतात. उशिराचीच गाडी मिळत असेल तर रात्री खंडव्यालाच मुक्काम करून सकाळच्या पहिल्या बसने घाट चढावा.