पेन्सिलीतलं शिसं आणि अंगठीतला हिरा

प्रश्न : आम्ही मँचेस्टरला राहतो. पेन्सिलीतलं शिसं आणि हिरा एकाच पदार्थाचे बनलेले असतात, असं मुलगी शाळेतून ऐकून आली. हे खरं आहे का?

उत्तर : मुलीचं बरोबर आहे. पेन्सिलीत शिसं नसतंच. माती मिसळलेलं ग्रॅफाइट असतं, म्हणजे कार्बन. हिराही कार्बनच. १७९७ साली इंग्लंडमध्ये स्मिथसन टेनंट यांनी सोऱ्याबरोबर तापवून हिरा जाळला, तेव्हा तेवढ्याच वजनाच्या कोळशातून निघावा तेवढाच वायू त्यातून निघाला.

फरक आहे तो अणूंच्या जुळणीत. कार्बनच्या ६ इलेक्ट्रॉनांपैकी बाहेरचे ४ बंध जोडतात. हिऱ्यात प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांना घट्ट बांधलेला असतो, म्हणून तो इतका कठीण. ग्रॅफाइटमध्ये शेजारी तीनच, आणि षटकोनांचे सपाट थर. चौथा इलेक्ट्रॉन थरभर फिरतो, म्हणून ग्रॅफाइटमधून वीज वाहते. थराथरांतली पकड मात्र सैल. कागदावर घासले की ते सुटतात आणि रेघ उमटते.

तुमच्याच शहरातल्या विद्यापीठात २००४ मध्ये आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलॉव्ह यांनी साध्या चिकटपट्टीने ग्रॅफाइट सोलत सोलत एका अणूइतक्या जाडीचा थर, ग्राफीन, वेगळा केला. २०१० चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना या कामासाठीच मिळालं. मुलीला हे जरूर सांगा.