सत्ता ही अमानत : मुलांना शासनप्रकार शिकविताना

सहावी ते आठवीच्या वर्गांत मुले नागरिकशास्त्रात राजेशाही, हुकूमशाही, लोकशाही, प्रजासत्ताक हे शब्द शिकतात आणि त्यांच्या व्याख्या पाठ करतात. मग एखादे दिवशी घरी विचारतात, “अब्बा, इस्लाममध्ये कोणते सरकार असते?” कोणी घाईने ‘खिलाफत’ एवढेच सांगतो, कोणी जुन्या बादशहांची नावे घेतो, तर कोणी म्हणतो, “हा आपला विषय नव्हे.” हे शेवटचे उत्तर सर्वांत घातक आहे. हेच मूल अठराव्या वर्षी मतदार होणार आहे.

यासाठी मुलांच्या हाती प्रथम तीन प्रश्न द्यावेत. सत्ताधीश सत्तेवर कसा आला? निर्णय घेताना तो कोणाला विचारतो? तो चुकला तर त्याला जाब कोण विचारू शकतो? या प्रश्नांनी कोणतीही राजवट पारखता येते.

सुरुवात दिव्य कुरआनातील प्रसंगांपासून करावी. फिरऔन स्वतःलाच लोकांचा सर्वोच्च पालनकर्ता म्हणवत असे. त्याला विचारणारा कोणी नव्हता. याउलट सूरह नम्लमधील सबाची राणी हजरत सुलैमान (अलै.) यांचे पत्र येताच सरदारांना बोलावते आणि त्यांच्या उपस्थितीवाचून आपण निर्णय घेत नाही, असे सांगते. दोन्ही ठिकाणी राजेशाहीच. पण दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बदलले की राजवटीचा स्वभाव कसा बदलतो, हे मुलांना सहज उमगते.

त्यानंतर उहुदचा प्रसंग सांगावा. हिजरी सन 3 मध्ये शत्रू चालून आला, तेव्हा मदीनेत राहूनच लढावे, असा प्रेषित मुहम्मद (स.) यांचा कल होता. अनेकांचा, विशेषतः तरुणांचा आग्रह मात्र बाहेर पडण्याचा होता. प्रेषितांनी तो मान्य केला. त्या लढाईत मुस्लिमांची मोठी हानी झाली. तरीही यानंतर अवतरलेल्या सूरह आले इम्रानच्या आयतीत (3:159) सहकाऱ्यांना क्षमा करण्याचा आणि त्यांच्याशी सल्लामसलत करीत राहण्याचा आदेश आहे. एका निर्णयाचा परिणाम कटू झाला, म्हणून लोकांना विचारणे सोडायचे नाही, हा यातील धडा.

आता खुलफा-ए-राशिदीनकडे यावे. हजरत अबू बक्र (रजि.) यांची निवड सकीफा येथील चर्चेतून झाली. हजरत उमर (रजि.) यांचे नाव अबू बक्र (रजि.) यांनी जाणत्यांचा सल्ला घेऊन सुचविले. हजरत उस्मान (रजि.) सहा जणांच्या समितीतून निवडले गेले आणि हजरत अली (रजि.) यांच्या हाती मदीनेतील लोकांनी बैअत केली. चार खलीफा आणि चार पद्धती! म्हणजे शरीअतने एकच साचा ठरवून दिलेला नाही. तत्त्वे मात्र ठरवून दिली : सल्लामसलत, न्याय आणि उत्तरदायित्व. अबू बक्र (रजि.) यांनी पहिल्याच भाषणात, मी चुकलो तर मला सरळ करा, अशा आशयाचे आवाहन केले होते. तिसऱ्या प्रश्नाचे याहून स्पष्ट उत्तर कोणते?

पुढचा भागही मुलांपासून लपवू नये. हिजरी सन 60 मध्ये अमीर मुआविया (रजि.) यांच्यानंतर त्यांचा मुलगा यझीद गादीवर आला आणि सत्ता घराण्यात गेली. नंतरच्या सुलतानांत न्यायी होते तसे जुलमीही होते. त्यांच्या प्रत्येक कृतीचे समर्थन करणे म्हणजे दीनचे रक्षण नव्हे.

आजचे मुस्लिमबहुल देशही एका साच्यातील नाहीत. सौदी अरेबियात राजाच्या हाती सत्ता आहे. मलेशियात नऊ राज्यांचे वंशपरंपरागत शासक आपल्यातून पाच वर्षांसाठी राजा निवडतात, पण कारभार संसदेतील बहुमताचा पंतप्रधान पाहतो. इंडोनेशियात जनता थेट राष्ट्राध्यक्ष निवडते.

आपला देश लोकशाही आहे आणि प्रजासत्ताकही. हा फरक ब्रिटनच्या उदाहरणाने समजावा : तेथे लोकशाही आहे, पण राष्ट्रप्रमुखपद जन्माने मिळते. भारतात 26 जानेवारी 1950 पासून ते पद निवडणुकीने मिळते. हे संविधान घडविणाऱ्या संविधान सभेत मौलाना अबुल कलाम आझादही होते. संविधान हा नागरिकांनी परस्परांशी केलेला करार आहे आणि करार पाळण्याची कुरआनची आज्ञा (5:1) आपल्याला ठाऊक आहेच.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगावी : बहुमत म्हणजे न्याय नव्हे. म्हणूनच संविधानात मूलभूत हक्क आहेत आणि ते राखण्यासाठी न्यायालये आहेत. सूरह निसामध्येही (4:58) अमानती पात्र व्यक्तींच्या स्वाधीन करण्याची आणि लोकांमध्ये न्यायाने निवाडा करण्याची आज्ञा आहे. तेथे ‘लोक’ म्हटले आहे, केवळ मुस्लिम नव्हे. मत हीही एक अमानतच आहे.

हा धडा घरात करूनही पाहता येतो. सुट्टीत कुठे जायचे, हे एकदा वडिलांनी एकट्याने ठरवावे, एकदा सर्वांना विचारून ठरवावे आणि एकदा मते घ्यावीत. प्रत्येक वेळी मुलांना विचारावे, “कोणाचे ऐकले गेले नाही?” शक्य असल्यास त्यांना ग्रामसभेला न्यावे, जमातीच्या सभेत हिशेब मांडला जातो, तेव्हा शेजारी बसवावे. प्रत्येक जण राखणदार आहे आणि प्रत्येकाला आपल्या राखणीचा जाब द्यायचा आहे, ही प्रेषितांची (स.) शिकवण त्यांना तेथे प्रत्यक्ष दिसेल.

अल्लाह आपल्या मुलांना न्यायाची जाण आणि प्रश्न विचारण्याचे धैर्य देवो. आमीन.