बिल कमी करणारी डबी आणि मीटरची काटामारी



या पानावर आम्ही एरवी बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी लिहितो. या वेळी विषय घरातल्या विजेचा घेतला आहे. गटवार फिरताना घनसावंगी, तीर्थपुरी, कुंभार पिंपळगाव, रांजणी या भागांत सभासद लागणीइतकेच लाईट बिलाबद्दल विचारतात. “साहेब, ती डबी प्लगात खोचली की बिल निम्मं येतं म्हणतात, खरं का?” हा प्रश्न उघड विचारला जातो. “मीटर हळू करून देणारा माणूस आहे म्हणे,” हे मात्र आडून बोलले जाते. आम्ही वीज खात्याचे इंजिनिअर नव्हे, पण या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच गोष्टीत आहे. घरचे मीटर नेमके काय मोजते, एवढे कळले की पुरे.

डबीत काय असते?

डबी उघडली तर आत बहुधा एक लहानसा कपॅसिटर आणि एक लुकलुकणारा दिवा असतो. कपॅसिटर ही काही खोटी वस्तू नव्हे. पंख्याला, मोटारीला तो लागतोच. खोटा आहे तो बिल कमी होण्याचा दावा.

आपल्या उसाच्या बैलगाडीचे उदाहरण घ्या. गाडी ऊस भरून येते, रिकामी परत जाते. रस्ता दोन्ही वेळा अडतो, पण काट्यावर नोंद होते ती फक्त उसाची. विजेचेही असेच आहे. मोटारीसारख्या उपकरणाला प्रत्यक्ष कामाच्या विजेखेरीज थोडा प्रवाह नुसता ये-जा करण्यासाठी लागतो. तारेवर त्याची गर्दी होते, पण घरचे मीटर युनिट मोजते ते प्रत्यक्ष खर्च झालेल्या विजेचे. कपॅसिटर रिकाम्या गाड्यांची गर्दी कमी करतो. काट्यावरचा ऊस त्याने कमी होत नाही, आणि म्हणून घरचे बिलही कमी होत नाही.

विक्रेता म्हणतो, “मोठमोठे कारखाने कपॅसिटर लावतात.” ते खरे आहे. पण त्यांचा हिशेब निराळा. उच्चदाब ग्राहकांना महावितरणने १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएच पद्धतीने आकारणी सुरू केली. त्या पद्धतीत रिकाम्या गाड्यांचेही पैसे लागतात. आपल्या घरच्या बिलात ते लागत नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २००९ साली हाच प्रश्न तपासला, आणि घरगुती ग्राहकाच्या बिलात अशा उपकरणाने बचत होत नाही असाच निष्कर्ष काढला.

स्वतः तपासून पाहा

आमच्या शब्दावर विसंबू नका. जसा बेण्याचा प्लॉट स्वतः पाहता, तशी डबीही पाहा.

१) नव्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. एका युनिटला किती लुकलुक, हे मीटरवरच छापलेले असते; उदाहरणार्थ ३२००.
२) फ्रीज, मोटार, टीव्ही बंद ठेवा. फक्त चार पंखे एकाच वेगावर चालू ठेवा.
३) दहा मिनिटांत दिवा किती वेळा लुकलुकला ते मोजा. ७५ वॅटचे चार पंखे म्हणजे ३०० वॅट. ३२०० च्या मीटरवर मिनिटाला १६, म्हणजे दहा मिनिटांत सुमारे १६० लुकलुक होतील.
४) आता डबी लावून पुन्हा दहा मिनिटे मोजा.

व्होल्टेज कमी-जास्त झाल्याने थोडा फरक पडेल. पण बिल निम्मे व्हायचे तर १६० चे ८० झाले पाहिजेत. ते होणार नाहीत. शिवाय हलक्या प्रतीचा कपॅसिटर उन्हाळ्यात तापून फुगला, तर प्लग जळण्याचा धोका वेगळाच.

आता दुसरा प्रश्न

काट्यात पाच-दहा किलोचा फरक दिसला तरी आपण सभासद गप्प बसत नाही, आणि ते योग्यच आहे. मग तारेवर आकडा टाकणे, मीटरला बगल देऊन वायर ओढणे, चुंबक लावणे, मीटरमध्ये रिमोटचे सर्किट बसवणे, हे दुसरे काय आहे? ही काटामारीच. फरक इतकाच, की इथे काटा आपल्या हातात असतो.

जुन्या चकतीच्या मीटरचे दिवस गेले. आताची इलेक्ट्रॉनिक मीटरे छेडछाडीची नोंद स्वतःच ठेवतात. काही मीटरे तर जोरकस चुंबक लागताच पूर्ण भार चालू असल्याप्रमाणे युनिट मोजू लागतात. रिमोटची सर्किटेही महावितरणच्या भरारी पथकांनी राज्यात ठिकठिकाणी पकडली आहेत. फेरफार करून देणारा पैसे घेऊन निघून जातो. मीटर मात्र आपल्या नावावर असते.

वीज कायदा २००३ च्या कलम १३५ प्रमाणे वीजचोरीला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. १० किलोवॅटपर्यंतच्या भाराला पहिल्या वेळी दंड हा मिळवलेल्या लाभाच्या किमान तिप्पट, पुन्हा सापडल्यास किमान सहापट. कलम १५२ खाली तडजोड करता येते, पण एका माणसाला एकदाच.

आणखी एक गोष्ट. एप्रिल २०२४ पासून राज्याने ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत विजेची योजना लागू केली. म्हणून कोणी पंपाच्या स्टार्टरवरून घरात वायर घेतो आणि म्हणतो, “आपलीच तर लाईन आहे.” तसे नाही. वीज ज्या कामासाठी दिली त्याहून दुसऱ्या कामाला वापरली, तर कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. किती दिवस वापरली हे ठरवता आले नाही, तर मागच्या बारा महिन्यांची धरतात.

नुकसान कोणाचे?

“सरकारचं काय बिघडतं?” असे काही जण म्हणतात. हिशेब करू. गावात ६३ केव्हीएची डीपी आहे. थंडीत सकाळी वीस घरांत आकड्यावर दीड किलोवॅटचे पाणी तापवायचे रॉड लागले, तर ३० किलोवॅट झाले. म्हणजे डीपीची जवळजवळ निम्मी ताकद बिनहिशेबी गेली. उरलेला गाव हिशेबाने वापरत असला तरी डीपी जळते. मग पिठाची गिरणी बंद, नळाचे पाणी बंद. बिल भरणारा आणि न भरणारा, दोघेही अंधारात. ज्या फीडरवर गळती व थकबाकी जास्त, त्याच्या वाट्याला भारनियमनही जास्त आलेले आहे.

सगळ्यात मोठे नुकसान जिवाचे. आकड्याच्या वायरला ना फ्यूज असतो, ना अर्थिंग. पावसात ती तुटून अंगणात पडली, तर पाय पडतो तो घरच्या लेकराचा नाहीतर दावणीच्या बैलाचा.

खरी बचत कुठे आहे?

६० वॅटचा जुना बल्ब रोज पाच तास जळाला तर महिन्याला ९ युनिट जातात. ९ वॅटच्या एलईडीला दीड युनिटही लागत नाही. ७५ वॅटचा पंखा रोज १२ तास फिरला तर महिन्याला २७ युनिट, आणि ३० वॅटचा बीएलडीसी पंखा घेतला तर ११ च्या आत. असे तीन पंखे बदलले की सुमारे ४८ युनिट वाचतात. घरगुती दर १०० युनिटांच्या वर चढतो. १४० युनिट वापरणारे घर ९२ वर आले, तर चढ्या दराचे ४० युनिट आधी वाचतात. नवा पंखा किंवा फ्रीज घेताना ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे तारे पाहून घ्यावा.

आणि कपॅसिटर लावायचाच असेल, तर तो मळ्यात लावा. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर आणि गोदाकाठी आपल्या इतक्या मोटारी एका वेळी चालतात, की रिकाम्या गाड्यांची खरी गर्दी तिथेच होते. ५ अश्वशक्तीच्या मोटारीला २ केव्हीएआरचा, आयएसआय छापाचा कपॅसिटर लावावा. ऑटोस्विच काढून टाकावा, नाहीतर लाईट येताच सगळ्या मोटारी एकदम सुरू होऊन डीपीवर ताण येतो. ऐन उन्हाळ्यात डीपी जळाली आणि उसाच्या दोन पाळ्या चुकल्या, तर ते टनेज कोणत्याही डबीने भरून येत नाही.

बिल जास्त आले असे वाटले तर डबीवाल्याकडे जाऊ नका. रीडिंग स्वतः जुळवून पाहा, आणि शंका उरली तर महावितरणकडे मीटर तपासणीचा लेखी अर्ज द्या. लोंबती तार किंवा जळकी डीपी दिसली तर १९१२ वर कळवा. काट्याबद्दल शंका आली की आपण काट्यावर जाऊन उभे राहतो, तसेच मीटरपुढेही उभे राहावे, एवढीच सभासदांना विनंती.